कॉम्प्युटर मध्येच बंद पडतो? कार्डाचे पैसे मोजण्याआधी

काम चालू असताना स्क्रीन क्षणभर काळी होते, परत येते आणि कोपऱ्यात निरोप झळकतो की डिस्प्ले ड्रायव्हर अडकला होता, आता सावरला आहे. चार दिवसांनी तीच स्क्रीन निळी पडते आणि मशीन आपोआप रिस्टार्ट होतं. स्टुडिओत लग्नाचा अल्बम अर्ध्यावर असतो, ऑनलाइन सेंटरवर सातबाऱ्यासाठी आलेली माणसं बाकावर बसलेली असतात. घाई असते, आणि घाईत कानावर पडणारं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं: "ग्राफिक्स कार्ड गेलं, नवीन टाकावं लागेल." दहा-पंधरा हजारांचा हा सल्ला बरोबर असू शकतो. पण कार्डाचाच दोष आहे हे तुमच्या डोळ्यांसमोर दाखवलं जाईपर्यंत त्यासाठी एक रुपयाही देऊ नका, एवढंच या लेखाचं सांगणं आहे.

गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडसारख्या गावात ही काळजी जास्त घ्यावी लागते. गाव राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहे, गोंदिया–नागभीड–बल्लारशा रेल्वेमार्गावर स्टेशन आहे, त्यामुळे जाण्या-येण्याची सोय चांगली. मात्र नेमका हवा तो सुटा भाग हवा त्या दिवशी गावात मिळेल याची खात्री नसते. मग साकोली, गोंदिया, आणि तिथेही नाही मिळाला तर नागपूरची सीताबर्डी. चुकीचा भाग आणला तर त्याची किंमत, परत करायला जाण्याचा दिवस आणि तेवढा वेळ बंद राहिलेलं दुकान, असा तिहेरी खर्च होतो. म्हणून तपासणी आधी, आणि तीही फुकटातल्या गोष्टींपासून सुरू करायची.

निरोपात नाव ड्रायव्हरचं, दोष कोणाचाही

विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने एक पहारा बसवला आहे. ग्राफिक्स चिपला दिलेलं काम ठरलेल्या वेळेत झालं नाही, तर विंडोज ड्रायव्हरला नव्याने सुरू करतं. ही मुदत मुळात २ सेकंदांची आहे. ड्रायव्हर परत उभा राहिला तर वर सांगितलेला निरोप दिसतो. नाही राहिला तर निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असं लिहिलेलं असतं. विंडोजला एवढंच कळलेलं असतं की चिपने २ सेकंदांत उत्तर दिलं नाही. का दिलं नाही, हे त्याला ठाऊक नसतं. ड्रायव्हरची फाइल बिघडलेली असेल, चिप तापली असेल, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा आतला डबा) पुरेसा करंट देत नसेल, रॅममध्ये खोट असेल किंवा घरातलं व्होल्टेज पडलं असेल, तरी निरोप तोच येतो.

याचं मोठं उदाहरण २०२४ मध्ये जगभर गाजलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर गेम बंद पडत आणि 'ग्राफिक्स मेमरी संपली' असा निरोप येई. लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्डांवर संशय घेतला. शेवटी ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियालाच सांगावं लागलं की अशा ग्राहकांनी इंटेलकडे जावं. दोष प्रोसेसरला जास्त व्होल्टेज मिळण्यात होता. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मदरबोर्डच्या बायोसमधून (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी ३ वर्षांवरून ५ वर्षांवर नेली. तुमच्याकडे या पिढ्यांचा, विशेषतः आय-७ किंवा आय-९ प्रोसेसर असेल, तर बायोस अपडेट झालं आहे का ते पाहा आणि वॉरंटीचा कागद शोधून ठेवा.

उलटंही घडतं. २०२५ च्या सुरुवातीला एनव्हिडियाच्या ५७२ मालिकेतल्या ड्रायव्हरनंतर अनेकांच्या स्क्रीन काळ्या पडू लागल्या आणि कंपनीला एकामागून एक दुरुस्त्या काढाव्या लागल्या. तेव्हा धडधाकट कार्डं असलेल्या पुष्कळांचं काम जुन्या ड्रायव्हरवर परत गेल्याने भागलं. म्हणजे निरोप वाचून कोणालाच दोषी ठरवता येत नाही, कार्डाला नाही आणि ड्रायव्हरलाही नाही.

आधी बिनखर्चाची तपासणी

पहिलं काम नोंद ठेवण्याचं. वही घ्या आणि मशीन बंद पडलं की वेळ, चालू असलेलं काम, बाहेर लाइट कशी होती, पंखा जोरात फिरत होता का, हे लिहा. विंडोजमध्येही अशी वही आहे. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की तारखेनुसार बिघाडांचा तक्ता दिसतो. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडलं तर ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अडकून सावरला. कर्नल-पॉवर ४१ म्हणजे मशीन व्यवस्थित बंद न होता मध्येच बंद पडलं, आणि निळी स्क्रीन न येता नुसतीच ४१ दिसत असेल तर माझा पहिला संशय विजेवर आणि एसएमपीएसवर जातो. 'व्हेआ-लॉगर' नावाने नोंद असेल तर प्रत्यक्ष हार्डवेअरची चूक पकडली गेली आहे. या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. मेकॅनिकसमोर ते ठेवले की त्याचाही वेळ वाचतो.

मग ड्रायव्हर. विंडोज अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टरवर जाऊन 'रोल बॅक ड्रायव्हर' करून पाहा. त्याने भागलं नाही तर जुना ड्रायव्हर मुळासकट काढावा लागतो. त्यासाठी 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' हे फुकट साधन सेफ मोडमध्ये चालवतात. नंतर एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या स्वतःच्या साइटवरून ड्रायव्हर घ्यायचा, लॅपटॉप असेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून. 'तुमचे सगळे ड्रायव्हर जुने आहेत' असं घाबरवून वर्षाचे हजारभर रुपये मागणारी जी सॉफ्टवेअर असतात, त्यांची कोणालाही गरज नाही. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: विंडोजच्या खऱ्या एररमध्ये फोन नंबर कधीच नसतो. स्क्रीनवर नंबर दिसला तर ती फसवणूक आहे. त्यावर फोन करून पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

तिसरी तपासणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि तीच बहुतेक वेळा केली जात नाही. मशीन बंद करा, वीज काढा, कार्ड उतरवा आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या पोर्टला लावा. प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर मशीन कार्डाशिवाय चालतं. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर ही सोय नाही, जुन्या रायझनपैकी बऱ्याच प्रोसेसरांतही नाही. दोन-तीन दिवस असं चालवून पाहा. त्रास तसाच राहिला तर कार्ड निर्दोष सुटलं आणि तुमचे दहा-पंधरा हजार वाचले. त्रास थांबला तर मात्र लगेच कार्ड दोषी धरू नका, कारण कार्ड काढल्यावर एसएमपीएसवरचा भारही कमी होतो. तेच कार्ड दुसऱ्या धडधाकट मशीनमध्ये लावून तिथेही बंद पडतं का, हे पाहिल्यावरच निकाल द्यायचा. गावात स्टुडिओ, सेंटर किंवा क्लास चालवणारं ओळखीचं कोणीतरी असतंच. तासाभरासाठी मशीन मागायला संकोच करू नये.

रॅमची तपासणीही फुकट आहे. विंडोजमधलं 'मेमरी डायग्नोस्टिक' चालवा किंवा 'मेमटेस्ट८६' पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर लावून ठेवा. एकही चूक दिसली तर बहुधा रॅम किंवा तिची खाच सदोष आहे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहिली की कोणती ते कळतं. पट्टीचे सोनेरी दात स्वच्छ खोडरबराने हलके पुसून परत बसवल्यावर चालू झालेली मशीनं गावोगाव आहेत. दमट हवेत त्या दातांवर थर बसतो, हे त्याचं कारण.

धानाची धूळ आणि मे महिन्याचं ऊन

हा सगळा धानाचा पट्टा. मळणीच्या दिवसांत आणि राईस मिलच्या आसपास हवेत कोंड्याची बारीक धूळ असते, आणि पंख्याच्या पात्यांमागे, प्रोसेसरच्या हीटसिंकमध्ये तिचा नमद्यासारखा थर जमतो. वर मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो. कार्डाचं तापमान टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर जीपीयूखाली दिसतं. जड काम चालू असताना ते ९० च्या आसपास जात असेल आणि तेव्हाच स्क्रीन जात असेल, तर आधी सफाई करा.

सफाईला मेकॅनिक २०० ते ५०० रुपये घेतो, थर्मल पेस्ट बदलून साधारण ४०० ते ८००. लॅपटॉप पूर्ण उघडावा लागतो म्हणून तिथे ६०० ते १,२०० धरा. दुकानात दोन-तीन मशीनं असतील तर हजार-दीड हजाराचा ब्लोअर स्वतःच घेतलेला बरा. मात्र हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते उलटं-सुलटं भरधाव फिरून बेअरिंग खराब होतं. दिवाळीनंतर मळणी आटोपली की एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा, अशी वर्षातून दोनदा सफाई या भागात आवश्यकच आहे.

विजेचा हिशेब वेगळा

घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा धरलेला असतो. उन्हाळी धानाला पाणी देणारे पंप चालू झाले की पंखे मंदावतात, हे इथे कोणाला सांगायला नको. नेमक्या त्याच वेळेला मशीन बंद पडत असेल तर वहीतल्या नोंदींत ते स्पष्ट दिसेल. इलेक्ट्रिशियनला २००-३०० रुपये देऊन बोर्डवरचं व्होल्टेज आणि अर्थिंग मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर अर्थिंगचं काम काढा. खड्डा, पाइप किंवा प्लेट, वायर आणि मजुरी धरून तीन ते सहा हजार लागतात. तो खर्च कॉम्प्युटरपुरता नाही, घरातल्या माणसांच्या जिवासाठीही आहे.

घरात इन्व्हर्टर असून लाइट गेल्याबरोबर मशीन रिस्टार्ट होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण पाहा. अनेक इन्व्हर्टरांवर 'इको' आणि 'यूपीएस' असे दोन मोड असतात. इकोमध्ये वीज बदलायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर बंद पडतो. बटण यूपीएसवर केलं की बऱ्याच जणांचं काम फुकटात होतं. वेगळा ६०० व्हीएचा यूपीएस अडीच ते साडेतीन हजारांना येतो. त्यावर साधं ऑफिसचं मशीन चालतं, मोठं ग्राफिक्स कार्ड असलेलं नाही. त्याला १,००० व्हीए किंवा वरचा घ्यावा, पाच-सहा हजारांच्या पुढे.

एसएमपीएसच्या बाबतीत मी ठाम आहे. सहाशे-आठशे रुपयांचा, नाव नसलेला डबा ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनमध्ये बसवू नये. त्यावर ४५० वॉट छापलेलं असतं, पण जड कामाला तेवढी वीज मिळेलच असं नाही, आणि जळताना तो मदरबोर्डही घेऊन जाऊ शकतो. चांगल्या कंपनीचा '८० प्लस' खूण असलेला ४५० ते ५५० वॉटचा एसएमपीएस अडीच ते साडेचार हजारांत मिळतो, वॉरंटी तीन ते पाच वर्षांची असते. कार्ड बदलायला निघालेल्या प्रत्येकाने आधी दुसऱ्याचा चांगला एसएमपीएस उसना लावून पाहावा.

बदलायचंच ठरलं तर

पुढचे आकडे अंदाजाचे आहेत. दुकान, कंपनी आणि महिना बदलला की भाव बदलतो, म्हणून मोबाइलवर दोन ठिकाणचा भाव पाहूनच निघा.

बायोसची बटणासारखी बॅटरी ३० ते ६० रुपये. डिस्प्लेची नवीन केबल २०० ते ५००, आणि स्क्रीन नुसतीच लुकलुकत असेल तर ही पहिल्यांदा बदलून पाहायची. विंडोज नव्याने टाकण्याची मजुरी ३०० ते ८००. इथे एक इशारा: "फॉरमॅट मारतो" म्हटलं की डेटा कुठे राहणार हे आधी विचारा. स्टुडिओवाल्यांच्या ग्राहकांचे फोटो परत मिळवण्याचा खर्च हजारांनी मोजावा लागतो आणि यशाची हमी नसते. क्रॅक केलेल्या विंडोजबरोबर आलेले ॲक्टिव्हेटरही अनेकदा अपडेट बंद करून ठेवतात किंवा व्हायरस घेऊन येतात. तसली विंडोज टाकून "ड्रायव्हर बसत नाही" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हेही नव्याने टाकताना लक्षात असू द्या.

रॅमचं गणित अलीकडे पार बदललं. आठ जीबीची डीडीआर-४ पट्टी २०२५ च्या मध्यापर्यंत दीड-दोन हजारांत येत होती. मेमरी बनवणाऱ्या कंपन्या एआयच्या डेटा सेंटरकडे वळल्या आणि वर्षअखेरीस भाव दुपटीच्याही वर गेले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करण्याचं जाहीर केलं. अशा काळात चांगल्या पट्टीला 'खराब' ठरवून बदलणं परवडणारं नाही. पट्टी खरंच सदोष असेल तर आधी वॉरंटी पाहा. नावाजलेल्या कंपन्या रॅमला दहा वर्षांची किंवा आयुष्यभराची वॉरंटी देतात, आणि बिल सापडलं तर ती फुकट बदलून मिळते. हे माहीत नसल्याने कितीतरी पट्ट्या भंगारात जातात.

कार्डाकडे येऊ. फोटो अल्बम, फ्लेक्स, झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं एवढंच काम असेल तर नव्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं, वेगळ्या कार्डाची गरज बहुधा पडत नाही. व्हिडिओ एडिटिंगला कार्ड हवं. तीन-चार हजारांत मिळणारं जीटी ७१० किंवा ७३० घेऊ नका, कारण त्या पिढीचे नियमित ड्रायव्हर एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबवले. जीटीएक्स १०५० टीआयच्या पिढीचेही नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, आता २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या. ज्या कार्डाला ड्रायव्हरच येणार नाही ते घेऊन ड्रायव्हरचा त्रास मिटणार कसा? जीटीएक्स १६५० पासून पुढचं पाहा. ते नवं साधारण बारा हजारांच्या आसपास, आणि आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं सोळा-अठरा हजारांपासून.

जुनं कार्ड स्वस्त दिसतं, पण त्याचा इतिहास विचारा. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग (कार्डं सतत चालवून चलन कमावणं) बंद केलं आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस तापलेली कार्डं बाजारात आली. वॉरंटी शिल्लक नसेल आणि निदान अर्धा तास जड काम चालवून दाखवत नसतील तर घेऊ नका.

लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स चिप बोर्डालाच जोडलेली असते. तिथे 'रीबॉलिंग' (चिप उतरवून पुन्हा झाळणं) किंवा 'हीट मारणं' सुचवलं जातं, अडीच ते पाच हजार घेऊन. नुसती हीट मारून चालू झालेला लॅपटॉप बहुधा काही आठवड्यांचा पाहुणा असतो. तेवढ्यात डेटा काढून घ्यायचा असेल तरच ते करा. नवीन मदरबोर्ड दहा ते पंचवीस हजार. लॅपटॉप पाच वर्षांपेक्षा जुना असेल आणि दुरुस्ती नव्याच्या अर्ध्या किमतीवर जात असेल तर तिथेच थांबावं.

दुकानात काय बोलायचं

"साहेब, चेकिंगचे किती?" हा पहिला प्रश्न. दोनशे-तीनशे रुपये चेकिंग चार्ज घेणारा मेकॅनिक मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्याला तपासणीचे पैसे मिळतात, मजुरी सुटण्यासाठी त्याला भाग विकण्याची गरज पडत नाही. मशीन ठेवताना जॉबकार्ड मागा आणि त्यावर आत काय काय आहे, ते रॅम, हार्डडिस्क, कार्ड यांच्या सीरियल नंबरसह लिहून घ्या. फोटोही काढा. "पाचशेच्या वर खर्च जात असेल तर आधी फोन करा" हे वाक्य जॉबकार्डावर लिहायला सांगा. भाग बदलला तर जुना भाग परत घ्या, तो तुमचा आहे. नव्या भागाचं बिल सीरियल नंबर टाकून घ्या आणि त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, कारण थर्मल कागदावरची छपाई वर्षभरात उडते.

वॉरंटीतलं मशीन असेल तर कंपनीच्या टोल फ्री नंबरवर आधी तक्रार नोंदवा आणि वॉरंटी घरपोच आहे की सेंटरवर न्यायची, ते विचारा. घरपोच असेल तर माणूस सौंदडला यायला हवा. "नागपूरला घेऊन या" असं कोणी तोंडी सांगितलं तर ते ईमेलवर मागा.

इतकं करूनही फसवणूक झाली, सदोष भाग बदलून दिला नाही किंवा बिलच नाकारलं, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तुमच्या बाजूने आहे. बिल न देणं हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते. वस्तू नागपूरला किंवा ऑनलाइन घेतली असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी शून्य आहे आणि वकील लावणं सक्तीचं नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत तक्रार नोंदवून पाहा, अनेक प्रकरणं तिथेच मिटतात. आयोगात जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, तोवर बिल, जॉबकार्ड आणि तो जुना भाग जपून ठेवा.